मेंढा दिला, गायरान कोठें आहे ?

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत सरकारपाशीं दोन मागण्या केल्या होत्या. एक, परदेशांतील उत्तम शेळ्यामेंढ्यांचें बेणें आणून त्याची येथें अवलाद वाढवावी, म्हणजे शेतास लेंड्यामुतांचें खत मिळेल व लोकरीचे चार पैसे होतील. दुसरी, जंगलखात्यानें गिळलेलीं गायरानें परत द्यावीं. पुढें आलेल्या प्रत्येक सरकारनें पहिली मागणी आपल्या मर्जीप्रमाणें ऐकली. दुसरीच्या वेळीं कानांत बोळे घातले.

मऊ लोकरीच्या हव्यासानें मेरिनो व रॅम्बुलेट हे विलायती मेंढे आणून दख्खनी मेंढीशीं त्यांचा संकर करण्याचे प्रयोग झाले. फिरत्या वाड्यांत ते रुजले नाहींत. आतां जाड लोकरीस गिऱ्हाईक उरलें नाहीं, तेव्हां मांसासाठीं वजनदार मेंढ्यांची ओढ लागली आहे. २०१७ सालच्या महामेष योजनेंत २० मेंढ्या व १ मेंढा असा गट अनुदानानें मिळतो. मदत वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु साऱ्या कळपाचें दैव त्या एका नरावर असतें, आणि तो निवडतांना केवळ वजनाचा कांटा पाहिला तर त्याचें फळ पुढच्या कित्येक वितांना भोगावें लागतें.

दख्खनी मेंढी अंगानें लहान, लोकरीनें काळी व जाडीभरडी; घोंगडें होतें तें हिचेंच. फलटण-बारामतीकडचे धनगर बांधव दिवाळीनंतर घाट उतरून कोंकणांत जातात व पावसाळ्यापूर्वीं परततात, तेव्हां ती महिनोन् महिने चालते, कापणी झालेल्या रानांतील धसकटें व पाला खाऊन जगते, आणि ज्याच्या शेतांत वाडा बसेल त्याची जमीन एका रात्रींत खतावते. तिच्यासाठीं विहिरीचें पाणी पाजून चारा पिकवावा लागत नाहीं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या ढेंकरांतून निघणारा मिथेन वायु हवा तापवितो, म्हणून थोडीं पण भारी जनावरें पाळावींत, असें कांहीं विद्वान सांगतात. मुद्दा खोटा नाहीं. पण भारी जनावरास चारा जास्त, चाऱ्यास पाणी जास्त, आणि १९७२ सारखें वर्ष आलें म्हणजे तेंच आधीं खालीं बसतें. पाऊसहि आतां वेळ पाळीत नाहीं. डिसेंबर २०२१ च्या आरंभीं पुणें व नगर जिल्ह्यांत थंडीवाऱ्यासह अवकाळी पाऊस झाला, तेव्हां उघड्यावरच्या शेंकडों मेंढ्या गारठून मेल्या. अशा रात्रीं अंगावरच्या लोकरीची किंमत काय, हें कोणाहि म्हाताऱ्या मेंढक्यास विचारावें.

सुधारणा नकोच, असें नव्हे. फलटणच्या निंबकर संस्थेनें सुंदरबनांतील गरोळ मेंढीचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी मेंढींत आणला. जत तालुक्यांतील उंच, बांकदार नाकाची माडग्याळ मेंढी तर तेथल्या मेंढपाळांनींच निवडून निवडून वाढविली. त्यांस कोणी पदवी दिली नाहीं, एवढेंच. पण जुळ्यांना पाजावयाचें तर आईच्या पोटांत गवत हवें.

तें येणार कोठून ? गायरानांत कोठें कारखाना, कोठें सौरविजेचे पत्रे, कोठें गांवपुढाऱ्याचा ऊंस. जंगलांत शिरलें कीं दंड. २००६ च्या वनहक्क कायद्यानें फिरस्त्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला खरा, पण जे अनुसूचित जमातींत नाहींत त्यांनीं तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणावा, अशी मेख मारून ठेविली. ज्याचा आजा रोज नव्या शेतांत निजला, त्यानें कोणत्या तलाठ्याचा दाखला आणावा ? पावसाळी चराईसाठीं रोख अनुदानाची तजवीज झाली; पण मेंढी नोटा खात नाहीं.

तेव्हां पशुसंवर्धन खात्यास आमचें सांगणें असें कीं, गटांतील मेंढा निवडण्याचा अधिकार मेंढपाळाचा असावा व दख्खनी मेंढा मागेल त्यास तोच मिळावा. दख्खनीचे निवडक नर जे राखतात त्यांस त्याबद्दल मोबदला द्यावा. आणि अर्ज मंजूर करतांना, ह्या मेंढ्या कोणत्या गायरानांत चरणार, हें महसूल व वन ह्या दोन्ही खात्यांच्या सहीनिशीं त्याच कागदावर लिहून द्यावें. धनगर बांधवांनींहि येत्या ग्रामसभेंत उभें राहून आपल्या गांवच्या गायरानाचा सातबारा मोठ्यानें वाचून दाखविण्यास सांगावें.