झांकणाच्या आंतलें काम

आमच्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनास आलेल्या एका सन्मान्य पालकांनीं मागाहून शाळेस एक पत्र धाडलें. पत्राची भाषा सभ्य आहे आणि त्यांतील राग प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचें उत्तर खासगी रीतीनें न देतां या वार्षिकांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. पत्राचा आशय असा कीं, शाळेच्या मागील अंगणांत एक जुनी अँबॅसडर मोटार उभी होती, तिच्या नाकाखालीं तेल सांठलेली एक परात होती, आणि परातीशेजारीं पुठ्ठ्यावर मुलांच्या हातचीं हीं अक्षरें होतीं: ‘काम अपुरें आहे. तेल अद्याप गळतें.’ पालक लिहितात, ‘आम्ही आमचीं मुलें आपल्याकडे अभ्यासासाठीं पाठवितों, मेकॅनिक होण्यासाठीं नव्हे, आणि मेकॅनिकच करावयाचें असेल तर निदान तेल गळणार नाहीं असें तरी शिकवा.’ नववीचा बुधवारचा उद्योगतास बंद करून त्या जागीं गणिताचा जादा तास ठेवावा, अशीहि त्यांची सूचना आहे, आणि ती लवकरच शाळासमितीपुढें यावयाची आहे.

प्रथम त्या मोटारीविषयीं व तिच्या तेलाविषयीं सांगितलें पाहिजे. कारण वादाचें मूळ तेथेंच आहे.

कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथील कारखान्यांत अँबॅसडर गाडी इ. स. १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार होत असे. तिचा मूळ नमुना इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचा. एके काळीं जिच्यावांचून सरकारी कचेरीचें आवार ओकें दिसावें, अशी ही गाडी आजच्या मुलांनीं बहुधा चित्रपटांतच पाहिलेली असते. शाळेकडे आहे तिचें इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें, पेट्रोलवर चालणारें आहे. या इंजिनाच्या तोंडाशीं, पंख्याच्या मागें, पत्र्याचें एक झांकण असतें. त्यास टायमिंग कव्हर म्हणतात. झांकणाच्या आंत दोन दांतेरी चाकें आणि त्यांवरून फिरणारी एक साखळी. खालचें चाक क्रँकशाफ्टचें, म्हणजे पिस्टनांच्या वरखालीं होण्यानें जो दांडा फिरतो त्याचें. वरचें कॅमशाफ्टचें, ज्याच्या उंचवट्यांनीं व्हॉल्व्ह उघडतात. खालचा दांडा दोन वेढे फिरला म्हणजे वरचा एकच फिरावयास हवा, म्हणून वरच्या चाकास खालच्याच्या दुप्पट दांते असतात. इंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटास १,५०० वेळां, म्हणजे सेकंदास २५ वेळां, उघडून मिटतो. कोणत्या क्षणीं कोणता उघडावा व कोणता मिटावा, हा सारा हिशेब त्या एका साखळीवर अवलंबून. गणिताच्या जादा तासाची मागणी करणाऱ्या पालकांस आम्ही नम्रपणें इतकेंच सुचवूं कीं, प्रमाण म्हणजे काय हें आमच्या कित्येक मुलांस त्या दोन चाकांचे दांते मोजतांना प्रथम उमगलें.

कव्हर स्वतः कांहींच करीत नाहीं. साखळीवरून उडणारें तेल तें आंत ठेवितें आणि रस्त्यावरची धूळ बाहेर. मात्र त्याच्या खालच्या अंगास एक भोंक असून त्यांतून पुलीची मान आंत गेलेली असते. फिरती मान आणि स्थिर पत्रा यांच्यामध्यें ऑइल सील नांवाची रबराची कडी बसविलेली असते. तेल गळूं लागलें म्हणजे तें एक तर या सीलमधून येतें, नाहीं तर कव्हराच्या कडेच्या पॅकिंगमधून. आमच्या गाडीचें दोहोंकडून येत होतें.

कव्हराची किंमत थोडी असते. श्रम पडतात ते त्याच्यापर्यंत पोहोंचण्याचे. पाणी काढावें, रेडिएटर उतरवावा, फॅनबेल्ट सोडवावा, आणि मग पुलीचा तो मोठा नट, ज्यांत पूर्वी हँडल अडकवून गाडी चालू करीत. या एका नटापायीं आमचे तीन बुधवार गेले. गाडी वरच्या गिअरमध्यें घालून हातब्रेक ओढिला, पान्यास लोखंडी नळी जोडून तो लांब केला, तरी नट हलेना. नटाखालच्या वॉशरची कड नटावर वळविलेली असते व ती आधीं सपाट करावयास हवी, हें आम्हांस दुसऱ्या बुधवारीं समजलें. तिसरा बुधवार बोटें बरीं होण्यांत गेला.

कव्हर निघालें तेव्हां मुलें कांहीं वेळ बोललींच नाहींत. बाहेरून तें स्वच्छ, काळ्या रंगानें रंगविलेलें होतें. आंतून पाहतां त्याची कड लाटेसारखी वांकडीतिकडी झालेली. मागें कोणीतरी तें स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटून काढिलें होतें. कड बसत नाहीं म्हणून तिच्यावर शेलॅकचा जाड थर फांसला होता, आणि त्याच शेलॅकचे वाळलेले तुकडे आंत तेलांत पडले होते. साखळी इतकी सैल कीं बोटानें दाबतां सहज झुके. म्हणजे कव्हर उघडलेल्या माणसास साखळी दिसली होती, आणि त्यानें ती तशीच झांकून वरून रंग दिला होता. तें कोणाच्या हातचें काम हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाहि नाहीं.

जुन्या कव्हराची कड सरळ करण्याचा यत्न फसला, तेव्हां पुण्याच्या जुन्या बाजारांतून दुसरें आणिलें. साखळी नवी घातली. दोन्हीं दांतेरी चाकांवर कारखान्यानें एकेक ठिपका कोरलेला असतो; ते ठिपके समोरासमोर आणूनच साखळी चढवावी लागते. मुलींनीं पॅकिंग कापलें, तें मात्र पहिल्याच खेपेस बिनचूक जमलें. मग कव्हर चढवून सगळे बोल्ट नेटानें आंवळले, पुली बसविली, इंजिन चालू केलें, आणि अर्ध्या घटकेंत तेल पुन्हां परातींत.

चूक अशी झाली. कव्हराच्या बोल्टांचीं भोंकें किंचित् मोठीं असतात. कव्हर केसभर इकडेतिकडे सरकूं शकतें. यास्तव बोल्ट प्रथम सैलच ठेवून पुली सीलमध्यें सारावी, म्हणजे सील पुलीच्या मानेभोंवतीं आपोआप मध्यावर येते. नंतर बोल्ट थोडेथोडे करून सर्व बाजूंनीं सारखे आंवळावेत. आम्हीं आधीं आंवळले व मग पुली घातली. सील एका अंगास दबली आणि दुसऱ्या अंगास फट राहिली. ही चूक मुलांची नव्हे. पुस्तक आमच्या हातांत होतें, आणि तेवढेंच वाक्य आम्हीं वाचलें नव्हतें.

स्नेहसंमेलन चार दिवसांवर आलें होतें. पुन्हां सर्व उतरविण्यास वेळ नव्हता. तेव्हां वर्गांतून अशी सूचना आली कीं, तेल पुसून घ्यावें, गाडी ढकलत गवतावर नेऊन उभी करावी आणि इंजिन चालूच करूं नये; पाहुण्यांस काय समजणार? खरें लिहावयाचें तर ती सूचना आम्हांस क्षणभर गोड वाटली. आम्ही विचारांत आहों असें पाहून एका मुलीनें विचारलें, ‘सर, मागच्या माणसानेंहि असेंच केलें होतें ना?’ प्रश्नांत खोंच नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं परात तेथेंच ठेविली व पुठ्ठा मागविला. पत्रलेखक पालकांस ज्याची लाज वाटली तो पुठ्ठा हाच.

आतां ‘मेकॅनिक होण्यासाठीं नव्हे’ या शब्दांविषयीं. याच वर्गांत एक मुलगा आहे, ज्याचे वडील गॅरेजांत काम करतात. दोन वर्षें त्यानें ही गोष्ट एकाहि सोबत्यास सांगितली नव्हती. वडील काय करतात असें कोणीं विचारलें तर ‘नोकरी’ म्हणून तो विषय बदली. कव्हर दुसऱ्यानें उघडावयाचें ठरलें तेव्हां तो तास संपल्यावर मागें थांबला व खालीं पाहून म्हणाला, ‘सर, बाबांना विचारूं का?’ नाताळच्या सुटींत एके दिवशीं ते आले. त्यांनीं पुली हातांत घेतली, पुसली, आणि तिच्या मानेवरून अंगठ्याचें नख फिरविलें. ‘इथें नख अडकलें तर सील कितीहि नवी घाला, तेल येणारच,’ असें म्हणून त्यांनीं ती पुली मुलांपुढें धरली. प्रत्येकानें आपलें नख फिरवून पाहिलें. मान गुळगुळीत होती; म्हणजे दोष केवळ आमच्या घाईचा. त्या दिवशीं त्या मुलाकडे आम्ही मुद्दामच पाहिलें नाहीं. मात्र जातांना त्याच्या एका मित्रानें ‘काका, येतां ना परत?’ असें विचारलेलें आम्हीं ऐकिलें. त्याच मित्राच्या घरीं, त्याच्याच सांगण्याप्रमाणें, गाडी दुरुस्त करावयास येणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासहि आजवर ‘अरे’ म्हणूनच हांक मारीत.

हा मुलगा हें वार्षिक वाचील. त्याचे वडीलहि वाचतील. आपलें मूल कोणता धंदा करील, याची निवड करण्याचा पालकांस पूर्ण अधिकार आहे, आणि त्यांत आम्ही ढवळाढवळ करूं इच्छीत नाहीं. परंतु एखाद्या धंद्याचें नांव मुलास भय घालण्यासाठीं घरोघर उच्चारिलें जातें, तें त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या मुलाच्या कानीं पडतें, याचा विचार व्हावयास नको काय? आमची शाळा ज्या पंथाची आहे त्याचा प्रभु नासरेथांत सुतार म्हणून ओळखला जाई. पौल करिंथांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून तंबू करण्याचा धंदा करी. आणि महाराष्ट्रांतलेंच उदाहरण हवें असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचें घ्यावें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगांवीं सायकलींच्या धंद्यांत पडले, पुढें लोखंडी नांगर घडवूं लागले, आणि इ. स. १९१० मध्यें त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. त्या काळींहि त्यांस हंसणारे भले लोक असतीलच.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो पत्रांत नसला तरी आम्हीच मांडतों. विजेवर चालणाऱ्या मोटारींत साखळी नाहीं, कॅमशाफ्ट नाहीं, टायमिंग कव्हरहि नाहीं. पेट्रोलच्याहि कित्येक गाड्यांत आतां साखळीऐवजीं रबरी पट्टा असून त्यावरचें झांकण प्लॅस्टिकचें असतें. त्याचें काम तर नेमकें उलटें, तेलास आंत येऊं न देण्याचें. मग जुन्या अँबॅसडरशीं झगडून मुलें काय मिळविणार? आमचें म्हणणें असें: हे सांधे कदाचित् त्यांस पुन्हां कधींच दिसणार नाहींत. परंतु जें काम एकदां झांकलें कीं कोणासहि दिसत नाहीं, असें काम त्यांच्या हातीं जन्मभर येणार आहे. औषध बनविणाराचें, पुलाचें लोखंड बांधणाराचें, हिशेबनिसाचें काम याच जातीचें. परीक्षेच्या कागदावर उत्तर शेजाऱ्याचें पाहून लिहिलें तर तें कित्येकदां खपून जातें; बुधवारच्या तासांत तेल गळतें किंवा गळत नाहीं, आणि तेथें कोणाची रदबदली चालत नाहीं. आठवड्यांतून हा एक तास गणितास दिल्यानें गुण वाढतीलहि. आम्ही तें नाकारीत नाहीं. गणिताचा जादा तास शनिवारीं सकाळीं ठेवण्यास आमची तयारी आहे, आणि तो आम्ही स्वतः घेऊं. बुधवारचा तास मात्र समितीनें काढूं नये, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.

आणि पत्राचा उत्तरार्ध आम्हांस पूर्णपणें मान्य आहे: तेल गळणार नाहीं असेंच शिकविलें पाहिजे. नाताळच्या सुटींत मुलांनीं गाडी पुन्हां उघडली. पहिल्या वेळीं ज्यास तीन बुधवार लागले तें या वेळीं एका सकाळीं झालें. जुनें पॅकिंग खरवडून काढिलें, नवी सील तेलाचें बोट फिरवून बसविली, बोल्ट सैल ठेविले, पुली सारली, आणि मग एकेक बोल्ट समोरासमोरचा घेऊन बेताबेतानें आंवळला. इंजिन अर्धा तास चालविलें. रात्रीं गाडीखालीं कोरें वर्तमानपत्र पसरलें व चारी कोपऱ्यांवर दगड ठेविले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळा उघडण्यापूर्वीच सात मुलें फाटकाशीं उभीं होतीं. पुढच्या अंगास कागद कोरडा होता. मागें, पुष्कळ मागें, तेलाचे दोन थेंब होते. ते टायमिंग कव्हराचे नसून गिअरबॉक्सचे आहेत, असें मुलांचें एकमत आहे. पुठ्ठ्यावरचें पहिलें वाक्य त्यांनीं तसेंच ठेविलें आहे, दुसऱ्यांत ‘गिअरबॉक्समधून’ हा शब्द घातला आहे, आणि परात दोन हात मागें सरकविली आहे.