एडनचा तुरुंग मुलांना पाठ आहे, पण एडन होतं कोणाचं?



आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्यावर निबंध लिहायला सांगितला की शेवटचं वाक्य बहुतेक वह्यांमध्ये सारखंच असतं. इंग्रजांनी त्यांना एडनच्या तुरुंगात ठेवलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वाक्य बरोबर आहे, गुणही मिळतात. पण एडन कुठे आहे, ते इंग्रजांच्या हाती कसं आलं आणि पुण्यात शिक्षा झालेल्या माणसाला थेट अरबस्तानात का नेलं, हे प्रश्न वर्गात निघतच नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की हे प्रश्न न विचारता शिकवलेला हा धडा अर्धाच राहतो.

आपल्या भिगवण, इंदापूर, बारामतीच्या मुलांना तर हा विषय घरचाच आहे. १२ मे १८७५ रोजी बारामती तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जाची कागदपत्रं जाळली. तो भडका इंदापूरकडेही पसरला. लगेच १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या फडक्यांनी या दुष्काळातले लोकांचे हाल पाहिले आणि १८७९ मध्ये बंड उभारलं. त्याच वर्षी जुलैत ते पकडले गेले. जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला पाठवलं. सुप्यापासून सुरू झालेली गोष्ट एडनला संपते ती अशी.

आता एडनकडे वळू. हे बंदर मूळचं लाहेजच्या सुलतानाचं. लाहेज म्हणजे आजच्या येमेनमधलं, एडनच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर असलेलं गाव आणि त्याच्या भोवतीचं एक छोटंसं राज्य. अब्दली नावाच्या अरब टोळीच्या प्रमुखाने १७२८ मध्ये सानाच्या इमामाची सत्ता झुगारली आणि हे राज्य स्थापन केलं. पुढे त्यांनी एडनही घेतलं. राज्य लहान, पण जमीन चांगली. तुबान नावाची नदी एरवी कोरडी असते. वरच्या डोंगरात पाऊस झाला की तिला लोंढा येतो. तो बांध घालून शेतात वळवायचा, अशी तिथली शेती. भीमेच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मग इंग्रज तिथे का गेले? मुंबईहून सुएझकडे आगबोटी सुरू झाल्या होत्या आणि त्यांना वाटेत कोळसा भरायला जागा हवी होती. जानेवारी १८३७ मध्ये 'दर्या दौलत' नावाचं, इंग्रजी निशाण लावलेलं जहाज एडनजवळ फुटलं. त्यातला माल लुटला गेला, प्रवाशांचे हाल झाले. मुंबई सरकारला निमित्त मिळालं. कॅप्टन हेन्स नावाचा आरमारी अधिकारी सुलतान मोहसिन बिन फदल यांच्याकडे बोलणी करायला गेला. पैशाच्या मोबदल्यात बंदर देण्याची भाषा झाली, पण सुलतानाच्या मुलाचा विरोध होता आणि व्यवहार फिसकटला. शेवटी १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून आलेल्या फौजेने तोफा डागून एडन घेतलं. सुलतानाने नंतर ते परत मिळवण्यासाठी हल्ले केले, पण यश आलं नाही. मग तह झाले, वार्षिक तनखा ठरला आणि बंदर कायमचं गेलं.

म्हणूनच एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा, तोही १९३२ पर्यंत. फडक्यांना परदेशात नाही, तर सरकारी हिशेबाने आपल्याच इलाख्याच्या एका टोकाला पाठवलं होतं. हे कळलं की नकाशाच बदलतो.

इथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. एडन घेणाऱ्या फौजेत गोऱ्यांबरोबर मुंबई लष्कराची २४ वी देशी पलटण होती. त्या काळी मुंबईच्या लष्करात कोकणातले आणि देशावरचे शिपाई मोठ्या संख्येने असायचे. म्हणजे ज्या लष्कराने फडक्यांचा मुलूख ताब्यात ठेवला, त्याच लष्कराने लाहेजच्या सुलतानाचं बंदर घेतलं. आपण फक्त सोसणारे होतो असं मुलांना सांगणं सोपं आहे. पण पोटासाठी दुसऱ्याचं राज्य जिंकायला गेलेलेही आपल्यातलेच होते, हेही खरं आहे.

हेन्सची गोष्टही मुलांना जरूर सांगावी. एडन जिंकणाऱ्या आणि पंधरा वर्षं तिथला कारभार पाहणाऱ्या या माणसावर तिजोरीतल्या तुटीचा ठपका आला. अपहाराचा आरोप सिद्ध झाला नाही, पण भरपाई न केल्याने त्याला मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षं डांबलं. १८६० मध्ये सुटल्यावर काही दिवसांतच मुंबई बंदरात जहाजावरच तो गेला.

एडनच्या तुरुंगातून फडके कोठडीचं दार बिजागऱ्यांतून काढून पळाले आणि लवकरच पकडले गेले. हा पराक्रम आपण अभिमानाने सांगतो. पण बाहेर पडून जायचं कुठे? तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला इंग्रजांच्या तनख्यावर असलेल्या टोळ्यांचा आणि सुलतानाचा मुलूख. लाहेजचा इतिहास माहीत असेल तर त्या धाडसातला एकटेपणा खऱ्या अर्थाने समजतो.

लाहेजचं पुढे काय झालं? जुलै १९१५ मध्ये तुर्कांनी लाहेजवर चढाई केली, तेव्हा सुलतान अली यांना इंग्रजांच्याच बाजूची गोळी चुकून लागली आणि त्यांचा अंत झाला. १९५८ मध्ये दुसरे एक सुलतान अली अरब राष्ट्रवादाकडे झुकले म्हणून इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं. १९६७ मध्ये सल्तनत संपली आणि ३० नोव्हेंबरला दक्षिण येमेन स्वतंत्र झाला. याच घराण्यातल्या अल-कुमंदान या राजपुत्राने लाहेज आणि एडनचा इतिहास लिहिला, त्याची गाणीही लोकांच्या तोंडी राहिली. म्हणजे त्या मातीलाही आपली आठवण होती, फक्त ती आपल्या पुस्तकात आली नाही.

उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि आजी-आजोबा बुडालेल्या गावांच्या गोष्टी सांगू लागतात. नकाशावर फक्त धरणाचं नाव असतं, खालची गावं नसतात. हे दुःख आपल्या मुलांना कळतं. मग 'एडनचा तुरुंग' या दोन शब्दांखाली दबलेलं राज्यही त्यांना नक्की कळेल.

काही जण म्हणतील, अभ्यासक्रम आधीच पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं? मान्य. पण यासाठी वेगळा तास लागत नाही. भिंतीवरचा नकाशा काढा, मुंबईपासून एडनपर्यंत बोट फिरवायला लावा आणि दोनच प्रश्न विचारा. ही जागा आधी कोणाची होती? ती घ्यायला कोण गेलं होतं? पुढच्या निबंधात शेवटचं वाक्य सगळ्यांचं सारखं येणार नाही.