सब्र कुणाला शिकवता?

अकोल्यात, अमरावतीत पोरगा डी.एड., बी.एड. झाला की आम्ही त्याला एखाद्या विनाअनुदानित शाळेत चिकटवून देतो. २००१ साली शासनाने 'कायम विनाअनुदानित' धोरण आणले. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द गेला. पुढे अनुदान आले, तेही २० टक्क्यांच्या टप्प्यांनी. तोवर कित्येक मास्तरांची उमर बिनपगारी गेली.

वर संस्थाचालकाची बोलणी. रात्री झोप नाही, सकाळी शाळेची घंटा आठवली की छातीत धडधड. घरी सांगितले तर आम्हीच म्हणतो, "बेटा, सब्र कर. लागलेली नोकरी सोडू नये."

मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही पैगंबरांची (स.) शिकवण आम्ही संस्थाचालकाला कधी ऐकवली? सब्र तेवढा मास्तराला शिकवला! जुलूम मुकाट्याने सोसणे म्हणजे सब्र नव्हे.

नोकरी सोडणे सगळ्यांना परवडत नाही, हे आम्ही जाणतो. घरात बहिणीचे लग्न असते, उधारी असते. म्हणूनच ज्याने सोडली त्याला 'रिकामटेकडा' म्हणू नका. चार महिने त्याची भाकर घराने उचलावी. गरज पडली तर लाज न बाळगता त्याला मनाच्या डॉक्टरकडे न्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो उपचार हक्क ठरवला आहे. नोकरी दुसरी शोधता येते. पोरगा कुठून आणाल?