ड्रमला अजून एक कट? नको राव!

शनिवारी आजोबांच्या फियाटचे (१९७० ची ११०० डी, चारही चाकांना ड्रम ब्रेक) पुढचे दोन्ही ड्रम काढून गॅरेजच्या फरशीवर ठेवले होते. आतून बोट फिरवलं तर कडेला नख अडकेल एवढा काठ तयार झालेला. मेस्त्री म्हणाले, "काही नाही साहेब, लेथवर एक कट मारू, आरशासारखा होईल." बाजूला उभे असलेले काका (घरी दोन जुन्या गाड्या!) लगेच म्हणाले, "ओरिजनल कास्टिंग आहे रे, टाकू नकोस!"

या 'ओरिजनल'च्या भक्तांशी माझं भांडण आहे.

वर्नियर लावायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आजोबांच्या फायलीत याच ड्रमच्या टर्निंगची आधीची दोन बिलं आहेत. म्हणजे हा तिसरा कट. प्रत्येक ड्रमला जास्तीत जास्त व्यासाची मर्यादा असते, बहुतेक लहान गाड्यांत ती मूळ मापापेक्षा जेमतेम एक-दीड मिलिमीटरने जास्त असते. आमचे ड्रम कट मारायच्या आधीच तिच्यापलीकडे गेले होते.

"मिलिमीटरने काय होतंय?" होतं ना! लोणावळा साधारण ६२० मीटर उंचीवर, खोपोली साठेक मीटरवर. माणसांसकट अकराशे-बाराशे किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे साधारण साठ लाख ज्यूल कुठेतरी जिरवायचे. एवढ्यात वीस लिटर पाण्याला उकळी फुटते. थोडं इंजिन खातं, थोडं वारा खातो, उरलेलं सगळं त्या चार ओतीव लोखंडाच्या ड्रममध्ये. लोखंड कमी, तर तापमान जास्त. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून लांब पळतो, आणि पेडल खाली खाली जातं. (डिस्क तापली की उलट पॅडकडे फुगते, पण तो वेगळा विषय.) त्यात लायनर तापून त्याची पकड सुटते.

हे पुस्तकातून सांगत नाहीये. गेल्या दिवाळीत घाट उतरताना आमचं पेडल जवळजवळ फ्लोअरला टेकलं होतं. मागच्या सीटवर आई-बाबा. दुसऱ्या गिअरवर टाकून, हँडब्रेक ओढत कशीबशी कडेला घेतली. आई अजूनही त्या गाडीत बसत नाही. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "फ्लुइड जुनं असेल." असेलही. पण ड्रम मोजायला काय जातंय?

बरं, कायदा तरी काय म्हणतो? २०२१ च्या विंटेज नियमांत गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी आणि मूळ रूपात हवी, हे खरं. पण मोठे बदल म्हणून नावं घेतलीत ती चासी, बॉडी आणि इंजिनची. ड्रमच्या जागी त्याच मापाचा ड्रम बसवला तर गाडीचं जुनेपण कुठं जातंय? टायर नाही का आपण बदलत?

मर्यादेत असलेला, तडा नसलेला ड्रम जरूर टर्न करा, दोन्ही बाजूंचे सारख्या मापाला. पण मग लायनरची गोलाईही नव्या व्यासाला जुळवून घ्या. नाहीतर शू फक्त मधेच टेकतो आणि आरशासारख्या ड्रमवर गाडी थांबत नाही. आणि हो, जुन्या लायनरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आमच्या मेस्त्रींना हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा हसले.

नवा म्हणजे चांगलाच, असंही नाही. मी मागवलेल्या जोडीतला एक ड्रम चक्क लंबगोल निघाला. परत पाठवलाय. दुसरी जोडी पुढच्या शनिवारी येईल, आधी मोजीन आणि मग बसवीन. तोवर गाडी पार्किंगमध्ये, विटांवर. काका रोज जाता-येता मान हलवतात, हलवू देत :)