'बिंदू मानू' म्हणण्यापूर्वी



साध्या लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी केला असेल. दोऱ्याला धातूचा छोटा गोळा टांगायचा, तो किंचित बाजूला ओढून सोडायचा, वीस दोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. या प्रयोगाच्या आरंभीच आपण म्हणतो, 'लंबकाचा गोळा हा एक बिंदू आहे असे मानू.' आणि थोड्याच वेळाने म्हणतो, 'दोऱ्याच्या लांबीत गोळ्याची त्रिज्या मिळवा.'

मी नुकताच शिकवायला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. अकरावीच्या एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत मला विचारले, "सर, गोळा जर बिंदू आहे, तर त्याला त्रिज्या कुठून आली?" बाकीची मुले हसली. पुढचे तीन गट खोळंबले होते, जर्नलवर सह्या व्हायच्या होत्या. "पुस्तकात दिलंय तसं कर," असे म्हणून मी त्याची बोळवण केली. या गोष्टीला वीस वर्षे होत आली. त्या वर्षी मला विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता, असे आज मला वाटते. त्याचे राहिलेले उत्तर येथे देतो आणि त्याबरोबर आम्हा शिक्षकांविषयी एक तक्रारही मांडतो.

आधी थोडा हिशेब करू. टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर १०० सेंटिमीटर आणि गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर आहे असे समजा. त्रिज्या मिळवायला विसरलात, तर लांबी १ टक्क्याने कमी भरते आणि गुरुत्वत्वरणही १ टक्क्याने चुकते. ही चूक दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आता दुसरी चूक पाहा. गोळ्याचे सारे वस्तुमान त्याच्या मध्याशी एकवटले आहे असे आपण मानले, पण प्रत्यक्षात ते मध्याभोवती पसरलेले आहे. भरीव गोळ्यासाठी यामुळे पडणारा फरक त्रिज्या आणि लांबी यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या दोन-पंचमांश इतका असतो, म्हणजे येथे ०.००४ टक्के. दोलनकालात तो निम्मा, ०.००२ टक्के उतरतो. वीस दोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात, त्यात हा फरक एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी. स्टॉपवॉचची कळ दाबताना आपल्या बोटाकडून होणारी चूकच याच्या शंभरपट असते!

तेव्हा 'गोळा बिंदू आहे' याचा अर्थ त्याला आकारमान नाही असा होत नाही. मध्याभोवतीचा त्याचा पसारा आपल्या मोजमापाच्या आवाक्याखाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र तो मध्य कोठे आहे हे नेमके कळलेच पाहिजे, म्हणून त्रिज्या मिळवायची. आता ११ सेंटिमीटर त्रिज्येचा भरीव गोळा ११ सेंटिमीटर दोऱ्याला टांगून पाहा. येथे वीस दोलनांत जवळजवळ १ सेकंदाचा फरक पडेल आणि तो कोणालाही दिसेल. गोळाच तो, लंबकच तो, पण बिंदू मानण्याची परवानगी संपली.

माझी तक्रार नेमकी येथे आहे. आम्ही तुम्हाला बिंदू देतो, पण त्याच्या अटी सांगत नाही. वस्तुतः विज्ञानात आणि अभियांत्रिकीत बिंदू जेथे जेथे वापरला जातो, तेथे तेथे तो अटींवरच वापरला जातो.

न्यूटनचे उदाहरण घ्या. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्या इतका दूर आहे. एवढ्या अंतरावरून पृथ्वीला बिंदू मानणे पटण्यासारखे आहे. पण झाडावरून पडणाऱ्या सफरचंदाचे काय? त्याच्या दृष्टीने पृथ्वी मुळीच लहान नाही. तरीही तिचे सारे वस्तुमान केंद्राशी आहे असे मानून उत्तर बरोबर येते. असे का यावे, हे न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात सिद्ध करून दाखवले : गोल आणि सर्व बाजूंनी सारखी असलेली वस्तू बाहेरच्या वस्तूला केंद्रस्थ बिंदूप्रमाणेच ओढते. म्हणजे ही परवानगी लहानपणामुळे मिळाली नाही, गोलपणामुळे मिळाली. न्यूटनने ती गृहीत धरली नाही, सिद्ध करून घेतली.

हीच पृथ्वी भरती-ओहोटीच्या प्रश्नात बिंदू मानली तर उत्तर शून्य येईल! पृथ्वीची चंद्राकडची बाजू ५९ त्रिज्या दूर आणि पलीकडची ६१ त्रिज्या दूर. दोन्ही ठिकाणच्या ओढीत सुमारे ७ टक्के फरक पडतो आणि भरती येते ती या फरकामुळेच. बिंदूला अलीकडची आणि पलीकडची बाजू कुठून असणार? मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करतात. पृथ्वीला आकारमान आहे याचेच ते जाहीर प्रकटन होय.

शिवाय पृथ्वी पूर्ण गोलही नाही. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. या फुगवट्यामुळे कृत्रिम उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू फिरत राहते. शास्त्रज्ञांनी या अडचणीचाच उपयोग करून घेतला. कक्षेची उंची आणि कल योग्य निवडला की प्रतल रोज जवळजवळ १ अंश, म्हणजे वर्षात बरोबर एक फेरा फिरते. मग उपग्रह एखाद्या गावावरून जातो तो नेहमी साधारण त्याच स्थानिक वेळी, आणि निरनिराळ्या दिवशी घेतलेली छायाचित्रे सारख्याच उन्हात मिळतात. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेला भारताचा दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए अशाच कक्षेत होता. पृथ्वी खरोखरीच बिंदू असती, तर ही सोय झाली नसती.

अभियंत्यांचाही बिंदूशी रोजचा व्यवहार असतो. पुलाची वीस मीटर लांबीची तुळई किती वाकेल हे काढताना ट्रकच्या चाकाचा भार एका बिंदूवर आहे असे मानून चालते. पण त्याच चाकाखालच्या काँक्रीटच्या फरशीला किती ताण सोसावा लागेल हे काढताना चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग विचारात घ्यावाच लागतो. खऱ्याखुऱ्या बिंदूवर भार ठेवला, तर दाब अनंत येईल!

या अटी विसरल्या की काय होते, याचे एक गंभीर उदाहरण सांगतो. २६ डिसेंबर २००४ चा भूकंप नकाशावर सुमात्राच्या वायव्य किनाऱ्याजवळ एका बिंदूने दाखवतात. तो बिंदू म्हणजे भूकंपाचे अपिकेंद्र. खडक फाटायला सुरुवात झाली त्याच्या वरची ती जागा. पण फाटणे तेथेच थांबले नाही. काही मिनिटांत ते सुमारे १,३०० किलोमीटर उत्तरेकडे, थेट अंदमानपर्यंत पसरत गेले. ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, त्या बिंदूपासून चारशे किलोमीटरहून दूर आहे. तरी तेथील जमीन सुमारे ४ मीटर खचली आणि दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. नकाशावरचा ठिपका पाहून 'आपण बरेच दूर आहोत' असे कोणी म्हटले असते, तर तो हिशेब प्राणघातक ठरला असता. लहान भूकंपाला बिंदू मानणे ठीक, एवढ्या मोठ्या भूकंपाला नाही.

आणि बिंदू जेथे मोडतो, तेथेच पुष्कळदा नवे विज्ञान हाती लागते. रदरफोर्डने १९११ मध्ये अणुकेंद्राला बिंदू मानून आपले सूत्र मांडले. पुढे १९५० च्या दशकात हॉफस्टॅटर यांनी वेगवान इलेक्ट्रॉन वापरून दाखवले, की अणुकेंद्रातला प्रोटॉनसुद्धा बिंदू नाही, त्याला आकारमान आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणखी वेगवान इलेक्ट्रॉनांनी त्याच्या आतले क्वार्क उघड केले. इलेक्ट्रॉनाला मात्र आजवर आकारमान सापडलेले नाही. तो अजून बिंदूच आहे, अर्थात आजच्या मोजमापापुरता.

माझे काही सहकारी म्हणतात, "मुलांना एवढे सांगत बसलो, तर अभ्यासक्रम कधी संपणार? आणि ती गोंधळतील ते वेगळेच." त्यांची अडचण खरी आहे. सुरुवात बिंदूपासूनच करावी लागते, हेही मला मान्य आहे. परंतु अट तपासायला बहुधा एक भागाकार पुरतो : वस्तूचे आकारमान भागिले प्रश्नातले अंतर. दहावीच्या विद्यार्थ्याला तो सहज येतो. तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे, की प्रयोगाच्या जर्नलमध्ये 'येथे बिंदू मानणे का चालते?' असा एक प्रश्न ठेवावा आणि त्याला एक गुण द्यावा. ज्याला गुण नाही त्याचा अभ्यास होत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

आणि मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे. फळ्यावर 'बिंदू मानू' हे शब्द आले की हात वर करा आणि विचारा, "सर, कशाच्या मानाने?" वर्ग हसला तरी हसू द्या. सर घाईत असतील, तर तास संपल्यावर पुन्हा विचारा. माझ्या त्या विद्यार्थ्याने पुन्हा विचारले नाही, याची रुखरुख मला अजून आहे.