माकडतापाचे निदान गावातच हवे

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर थंडी सुरू झाली की काजूच्या बागांत माणसांची वर्दळ वाढते. आधी झाडांखालची साफसफाई, पातेरा गोळा करणे, मग फेब्रुवारीपासून बोंडे काढणे आणि बिया वेचणे. डिसेंबर ते मे, नेमक्या याच महिन्यांत त्या पातेऱ्यात गोचिडीची पिल्ले असतात, खसखशीच्या दाण्याएवढी. त्यांतल्या काहींच्या पोटात क्यासनूर जंगलतापाचा विषाणू असतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात या आजाराला माकडताप म्हणतात. २०१५मध्ये तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आढळला आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात. बांदा परिसरात माणसे दगावली, तेव्हा कुठे जिल्ह्याबाहेर त्याची चर्चा झाली. पुढे हंगाम ओसरला आणि चर्चाही.

हा आजार महाराष्ट्राला अनोळखी असण्याचे कारणच नव्हते. त्याचा शोध पुण्याने लावला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. १९५७च्या मार्चमध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडत असल्याची बातमी तिथे पोहोचली. जंगलात माकडे मरतात आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणतात, हे पीतज्वराचे लक्षण. तो आजार आशियात शिरला असता तर हाहाकार उडाला असता. पुण्याचे शास्त्रज्ञ धावले ते त्या धास्तीने. हाती लागला तो वेगळाच विषाणू, रशियातल्या गोचिडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला.

मग दुसरी शंका निघाली, की सैबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षी तर तो घेऊन आले नसतील? ती तपासण्यासाठी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा मागोवा घेतला. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला मात्र भक्कम पाया मिळाला. खरे उत्तर जवळच होते. जंगल तोडून शेती झाली, मोकळ्या कडांवर घाणेरीची झुडपे माजली, गुरे चरायला आत जाऊ लागली. मोठ्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसतात. गुरे वाढली तशी गोचीड वाढली आणि रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांत शांतपणे फिरणारा विषाणू माकडांपर्यंत व माणसांपर्यंत आला. होर्हे बोशेल या शास्त्रज्ञाने १९६९मध्येच हे मांडले होते. सिंधुदुर्गात जंगले तोडून एका पिकाच्या बागा लावण्याचा सपाटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी ते पुन्हा वाचावे.

सुमारे पन्नास वर्षे हा आजार कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांत राहिला. २०१२नंतर तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड असा पसरत गेला, मग गोवा आणि सिंधुदुर्ग. देशभरात वर्षाला साधारण चार-पाचशे रुग्ण आणि त्यांत शंभरामागे तीन ते पाच मृत्यू, असे सर्वसाधारण चित्र सांगितले जाते. राजधानीत बसून पाहिले तर हा आकडा लहान वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीतही माकडतापाला जागा नाही. पण तो ज्यांना होतो ते बागेत मजुरी करणारे, लाकूडफाटा आणणारे आणि गुरे राखणारे आहेत. घरातला एक माणूस तीन आठवडे आडवा पडला की वर्षाची काजूची कमाई गेली, हा हिशेब कोणत्याही यादीत मांडला जात नाही.

निदानाचे घोडे अडते ते लक्षणांपाशी. अचानक चढलेला ताप, असह्य डोकेदुखी, अंग मोडून काढणाऱ्या वेदना, रक्तातल्या पेशी कमी झालेल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना पहिल्यांदा डेंग्यू आठवणार. कोकणात लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची, भीती मुरलेली आहे, तोही आठवणार. पावसाळ्यात तो अंदाज बहुधा चुकणार नाही, मार्च-एप्रिलमध्ये चुकू शकतो. लेप्टो आणि स्क्रब टायफस यांच्यावर डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध आहे, ते वेळेत दिले तर जीव वाचतो. माकडतापावर तसे औषध नाही. मग चाचणी करून उपयोग काय, असे विचारणारे प्रशासनात आहेत आणि डॉक्टरांतही आहेत.

उपयोग आहे, आणि मोठा आहे. या तापात हिरड्यांतून, नाकातून, आतड्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णाला ॲस्पिरिन वा तत्सम वेदनाशामक देणे घातक. काही रुग्णांचा ताप उतरतो आणि एक-दोन आठवड्यांनी उलटतो, तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो. निदान झाले असेल तर रुग्णाला घरी धाडून विसरता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका रुग्णाचा अहवाल सगळ्या वाडीसाठी इशारा असतो. विषाणू कोणत्या बागेत, कोणत्या पायवाटेवर आहे हे त्यावरून कळते. उद्या सकाळी तिथे जाणाऱ्या वीस जणांना अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल द्यायचे की नाही, हे त्यावर ठरते. अहवाल आठ दिवसांनी आला तर ते वीस जण आठ दिवस त्याच पातेऱ्यात हात घालत राहतात. शिवाय रक्तातला विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी पहिल्या आठवड्या-दहा दिवसांतच भरवशाची असते. २०१६नंतर सिंधुदुर्गातले नमुने मणिपाल आणि पुण्याच्या वाटेने गेले. दुखणे अंगावर काढून रुग्ण उशिरा येणार, नमुना प्रवास करणार, अहवाल उलट प्रवास करणार. एवढ्यात ती मुदत संपते.

या विषाणूची हाताळणी धोक्याची आहे, हे खरे. संशोधन करताना प्रयोगशाळेतल्या अनेकांना त्याची लागण झालेली आहे, त्यामुळे त्याचे संवर्धन उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच व्हायला हवे. पण त्यावरही उत्तर निघाले आहे. पुण्याच्या संस्थेने गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर चालणारी माकडतापाची चाचणी विकसित केली. नमुन्यातला विषाणू आधी निष्क्रिय होतो आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रात थोड्या वेळात निकाल मिळतो. हीच यंत्रे क्षयरोग कार्यक्रमासाठी देशभर वाटली गेली आहेत, कोविडमध्येही वापरली गेली. विषाणूचे ज्ञान पुण्यात, यंत्र गोव्यात आणि रुग्ण या दोहोंच्या मध्ये दोडामार्गात. एवढ्या अंतरात चाचणी अडू नये. माकडतापाच्या चिप दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा इथे दरवर्षी नोव्हेंबर संपण्याआधी पोहोचल्या पाहिजेत आणि त्या वापरणारा तंत्रज्ञ हंगामभर जागेवर असला पाहिजे. पदे रिक्त ठेवून यंत्राचे उद्घाटन केल्याने काही साधत नाही.

दोडामार्गचा माणूस गंभीर आजारी पडला की बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातो, हे तिथले वर्षानुवर्षांचे वास्तव. त्याचे निदान गोव्यात होते. त्याचे गाव महाराष्ट्रात असते. ती माहिती त्याच दिवशी सिंधुदुर्गच्या आरोग्य यंत्रणेकडे यावी, यासाठी दोन्ही राज्यांत कायमची व्यवस्था हवी. ओळखीच्या डॉक्टरच्या फोनवर ती सोडता येणार नाही. माकडांच्या मृत्यूचेही तेच. वानर किंवा माकड मेलेले दिसले की तो पहिला निरोप असतो, कारण मेलेल्या जनावरावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. तो निरोप वनरक्षकाकडून वनखात्यात, तिथून पशुसंवर्धनाकडे आणि मग आरोग्य खात्याकडे असा फिरत राहिला तर फवारणी होईपर्यंत बागेतले काम उरकलेले असते. गावकऱ्यांनी उघड्या हाताने ते जनावर उचलू नये, हे सांगायला तरी खात्यांच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये.

राहिली लस. जुनी लस साठच्या दशकातली. एका मात्रेचा उपयोग नाही, दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण, असे कर्नाटकातल्या एका अभ्यासात दिसले होते. त्यातही दरवर्षी टोचून घ्यावी लागे, दुखे फार, म्हणून लोक टाळत. पुढे तिची ताकद कमी पडू लागल्याने ती बंद झाली आणि २०२४च्या सुरुवातीला कर्नाटकात मृत्यू झाले तेव्हा द्यायला लस नव्हती. आता संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स नव्या लसीवर काम करत आहेत. वर्षाला काही शे रुग्ण, तेही गरीब. अशा लसीला बाजार नसतो. म्हणून कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, केरळ आणि तमिळनाडू यांनी एकत्र बसून तिच्या खरेदीची लेखी हमी द्यावी आणि केंद्राने त्यात आपला वाटा उचलावा. महाराष्ट्राने ही बैठक बोलवायला पुढचा हंगाम सुरू होण्याची वाट पाहू नये.