पीडीएफवर माल सोडणाऱ्यांस

परदेशी गिऱ्हाइकाची नोंदणी आधी तपासा म्हटलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं: खामगावात रॅली आणि व्होलकार्ट या पेढ्यांना आमच्या पणज्यांनी कापूस घातला, तेव्हा कोणी कागद मागितला होता? धंदा विश्वासावर चालतो.

ऐकायला बरं वाटतं, पण हा इतिहास अर्धाच आहे. १८७०मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले, ते इथल्या कापसामुळेच. त्या पेढ्यांचे एजंट गावातच बसत. सौदा फिसकटला तर भांडायला जायला दार होतं. आज चिखली-मेहकरकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीला हळदीची मागणी येते ती ईमेलवर. सोबत सही-शिक्क्याची पीडीएफ आणि गोडबोल्या दलाल. भांडायला जायचं कुठे?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ठगांच्या कंपन्याही रीतसर नोंदवलेल्याच असतात, मग तपासून काय मिळणार? उदाहरणंही तयार असतात. २०११मध्ये गाजलेली स्पीक एशिया सिंगापूरला नोंदवलेली होती. टोरेसच्या नावाने दादरला दुकान थाटणारी प्लॅटिनम हर्न तर इथलीच, २०२३ साली नोंदवलेली प्रायव्हेट लिमिटेड. जानेवारी २०२५मध्ये लोक तिच्या दारात पैसे मागत उभे होते.

दोन्ही उदाहरणं मान्य. पण ती आक्षेप घेणाऱ्यावरच उलटतात. सर्व्हे भरा आणि कमवा म्हणत स्पीक एशियाने माणशी ११,००० रुपये घेतले ते भारतात, आणि नोंद मात्र सिंगापूरची. परदेशी कंपनीने भारतात ठाणं मांडलं की ३० दिवसांत निबंधकाकडे कागद द्यावे लागतात, असं आजच्या कंपनी कायद्याचं ३८०वं कलम सांगतं; त्या वेळच्या १९५६च्या कायद्यातही हे बंधन होतं. (नुसता माल विकत घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला ते लागत नाही; इथे आपले लोक नेहमी घोळ घालतात.) तेव्हा कंपनी नोंदलेली आहे का, एवढंच विचारून भागत नाही. कुठे, कधी आणि किती भांडवलावर, हे विचारायला हवं. आठवड्याला व्याज वाटायला निघालेल्या टोरेसचं वय तेवढ्यानेही कळलं असतं.

गिऱ्हाईक लंडनचं असेल तर तिथल्या निबंधकाचं, म्हणजे कंपनीज हाउसचं, दप्तर फुकट उघडतं. कंपनीचा क्रमांक टाका. स्थापना चार महिन्यांपूर्वीची, भांडवल १०० पौंड, पत्ता हजारो कंपन्यांनी वापरलेला भाड्याचा आणि मागणी कोटीची, असं दिसलं तर आणखी पुरावा कसला हवा? कधी हिशेबाची मुदत उलटलेली दिसते, कधी नाव काढून टाकण्याची नोटीस लागलेली असते. त्या दप्तराचा आंधळा भरवसाही नको. मे २०२४पर्यंत तिथे १२ पौंडांत ऑनलाइन कंपनी उघडत होती आणि दिलेली माहिती खरी की खोटी हे पडताळण्याचा खरा अधिकार निबंधकाला मार्च २०२४मध्ये मिळाला. म्हणून मी तिथल्या ‘ॲक्टिव्ह’ या शब्दाला जामीन मानत नाही. त्याच दप्तरातल्या तारखा आणि आकडे मात्र खूप बोलतात. दलालाने पाठवलेल्या प्रमाणपत्रात यातलं बहुतेक काही नसतं, म्हणून तर तो प्रमाणपत्र पाठवतो.

शेवटची पळवाट: हे बँक बघेल, सीए बघेल. लेटर ऑफ क्रेडिट असलं तरी बँक कागद तपासते, हळदीचं पोतं नाही आणि घेणाऱ्याची नियतही नाही. गिऱ्हाईक बुडवेल याचा विमा ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीकडे मिळतो, पण तो काढायला आधी तुम्हाला हलावं लागतं. राहिला एलईआय, म्हणजे कंपनीचा जागतिक ओळख क्रमांक. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२पासून सीमापार व्यवहारांना त्याची सक्ती केली, ती ५० कोटींपासून पुढे आणि तीही इथल्या पक्षाला. समोरच्या परदेशी कंपनीचा क्रमांक मिळाला नाही म्हणून व्यवहार अडत नाही. हळदीचा एखादा कंटेनर त्या आकड्याच्या आसपासही जात नाही. त्याचं गिऱ्हाईक तपासणारा विकणाऱ्याशिवाय दुसरा कोणी नेमलेलाच नाही.